टिल्लूचं पोट उघडलं नाही

सिस्टरला सगळे सिस्टरच म्हणायचे. इस्पितळात म्हणायचे ते समजू शकतं, पण दूधवाला, इस्त्रीवाला, वरच्या मजल्यावरची भाडेकरू, सगळ्यांच्या तोंडी तेच. तिला एक नाव आहे हे बहुधा फक्त पेन्शनच्या कचेरीला ठाऊक होतं. अख्खी नोकरी तिने ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती. सर्जनने हात पुढे केला की मागण्याआधी त्यात नेमकं हत्यार पडायचं, आणि ते पडताना होणारा टप्प असा आवाज हाच तिचा अभिमान होता. स्वभावही तसाच, एक घाव दोन तुकडे. गळू असो की भांडण, आत काही कुजत असेल तर चिरून बाहेर काढायचं, झाकून ठेवायचं नाही, असं ती म्हणायची आणि तशीच वागायची. त्यामुळे नातेवाईक तिला जपून असत.

तिचं स्वतःचं असं माणूस म्हणजे धाकटा भाऊ. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवला. लहानपणी कुडीने एवढासा होता म्हणून टिल्लू. पुढे प्रत्येक दाराची चौकट वाकून पार करावी लागेल एवढा वाढला, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लोक अडकले की फोन यायचा, आणि हा बाहेरून आधी एक विनोद सांगायचा, मग दार उघडायचा. त्याची बायको शाळेच्या कचेरीत कारकून होती. बोलणं मोजकं, पण बोलली की त्यावर उत्तर नसायचं.

एका रविवारी दोघं सिस्टरकडे जेवायला आली होती. जेवण झाल्यावर टिल्लू स्वयंपाकघरातला पंखा बघायला स्टुलावर चढला आणि मध्येच उतरला. पोटात वरच्या बाजूला दुखतंय म्हणाला. ते त्याला अधूनमधून दुखायचंच. तो दोन गोळ्या चघळायचा आणि ‘पित्त’ म्हणून सोडून द्यायचा. या वेळी मात्र तो टेबलाला धरून पुढे वाकला आणि वाकलेलाच राहिला. अंगाला दरदरून घाम. कळ पोटातून आरपार पाठीत जात होती. सरळ झालं की वाढायची, वाकलं की जरा सोसवायची. सिस्टरने त्याच्या पोटावर बोटं टेकवली. असं वाकून बसलेली माणसं तिने थिएटरच्या दारात पुष्कळ पाहिली होती.

ज्या इस्पितळात तिने जन्म घालवला तिथेच त्याला नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, आणि तिला जे आधीच कळलं होतं तेच डॉक्टरांनी सांगितलं. पित्ताशयात खडे होते. त्यातला एखादा घरंगळून स्वादुपिंडाच्या तोंडाशी अडकला असणार. पुढे तो आपणहून सरकला, पण व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. टिल्लूच्या बायकोने स्वादुपिंड हा शब्द शाळेनंतर पहिल्यांदाच ऐकला. सिस्टरने तिला समजावलं, की जठराच्या मागे एक लांबट पिंड असतो, अन्न पचवायचा रस तो तयार करतो. वाट तुंबली की तो रस घरातच फिरतो आणि स्वतःचंच मांस पचवायला लागतो.

“म्हणजे तो आतून स्वतःलाच खातोय?” भावजयीने विचारलं.

सिस्टर हो म्हणाली. यापेक्षा सौम्य शब्द तिला सापडला नाही.

पुढचे दोन दिवस टिल्लू डोळ्यांदेखत खचत गेला. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, लघवी आटली, धाप लागली, मग श्वासाचं यंत्र लावावं लागलं. स्कॅनमध्ये दिसलं, की स्वादुपिंडाचा निम्म्याहून जास्त भाग मेलाय. हे ऐकल्यावर सिस्टरने डोळे पुसले, पदर खोचला आणि ती थिएटर कधी मिळणार हे विचारायला गेली. तिच्या मनात शंका नव्हती. मेलेलं मांस आत आहे, तर ते काढायचं. ज्यांच्या शेजारी ती वर्षानुवर्षं उभी राहिली ते सर्जन, मोठे सर, आज असते तर आतापर्यंत ऑपरेशनचं टेबल लावून झालं असतं.

सर्जन मॅडम वयाने टिल्लूपेक्षाही लहान होत्या. पाठीला सॅक अडकवून, पायात बुटांचा आवाज न करता फिरायच्या. त्यांनी सिस्टरला खुर्ची दिली, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, “आपण त्यांना उघडणार नाही आहोत.”

सिस्टरला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“आत्ता नाही. शक्यतो कधीच नाही,” मॅडम म्हणाल्या. “आत्ता सलाइन, श्वासाला आधार, नाकातून आतड्यापर्यंत नळी आणि त्यातून अन्न. मेलेला भाग महिनाभरात आपणहून वेगळा होतो, त्याच्याभोवती भिंत तयार होते. जंतू शिरले नाहीत तर त्याला हातही लावायची गरज नाही. शिरले, तर आधी फक्त एक नळी घालायची. नळीने भागलं नाही, तर पुढचं पाऊल.”

भाऊ आत सडतोय आणि ही मुलगी महिनाभर थांबायचं म्हणते. तिने जुन्या केसेस सांगून पाहिल्या. एका शाळेच्या बसचा ड्रायव्हर, टिल्लूसारखाच अवघड झालेला. मोठ्या सरांनी त्याला चौथ्या दिवशी उघडलं, बोटांनी सगळा सडका भाग काढला, आत गॉज भरून पोट तसंच उघडं ठेवलं, दोन दिवसांनी पुन्हा धुतलं, पुन्हा धुतलं, आणि माणूस चालत घरी गेला. दरवर्षी थिएटरला पेढ्यांऐवजी फुलं घेऊन यायचा, कारण गोड त्याला वर्ज्य झालं होतं. मॅडम म्हणाल्या, ते नशीबवान होते. यापलीकडे त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्याच गोष्टीने सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने मग आपल्या पद्धतीने सूत्रं हलवली. ओळखीतून दुसऱ्या इस्पितळातला एक सर्जन गाठला. तो म्हणाला, आणा, उद्याच उघडू. अॅम्ब्युलन्स सांगून ठेवली. भावजयीला तिने सांगितलं, की इथे नुसते बघत बसलेत, दात कोरून पोट भरत नाही, हलवू या. भावजय आयसीयूच्या बाकावर हात मांडीत घेऊन बसली होती. ती एवढंच म्हणाली, “वन्सं, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही म्हणाल तसं.”

हे शब्द सिस्टरच्या अंगावर आले. पाठीशी एखादं वजनदार माणूस असावं असं तिला वाटलं, म्हणून ती त्याच दुपारी मोठ्या सरांच्या घरी गेली. ते निवृत्त होऊन खूप काळ लोटला होता. मुलीकडे राहायचे. दार त्यांनीच उघडलं. चहा त्यांनीच केला, आणि कप आणताना तो दोन्ही हातांनी धरला, तरी चहा बशीत सांडला. ते हात असे थरथरताना पाहून सिस्टरने नजर दुसरीकडे वळवली. मग तिने सगळं सांगितलं, आणि त्या मुलीला एक फोन करा म्हणून विनवलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं.

“उघडू देऊ नका,” ते म्हणाले.

“सर?”

“त्या मॅडम करतायत ते बरोबर आहे. हलवू नका त्याला.”

सिस्टरने पुन्हा बस ड्रायव्हरचं नाव काढलं. सरांनी मान हलवली. “तो एक. आणखी सांगा. आपण पुष्कळ जणांना उघडलं, सिस्टर. घरी गेलेला आणखी एक आठवतोय का?”

ती आठवू लागली. टेबलं आठवली, दिव्याखालची पोटं आठवली, बशीत पडणारे राखाडी काळे गोळे आठवले. एक पोलीस होता. कॉलेजची एक मुलगी होती. दोन पोरांची आई होती. पण पोट बांधलं, स्ट्रेचर दाराबाहेर गेलं, की सिस्टर हत्यारं मोजायची आणि पुढचं टेबल लावायची. दारापलीकडे काय झालं हे तिला कधी कळलंच नव्हतं. परत यायचा तो फुलंवाला, म्हणून तेवढा लक्षात राहिला. बाकीचे का येत नाहीत असा प्रश्न तिच्या मनाला शिवलाही नव्हता.

“तुम्हाला माहीत नसणार,” सर म्हणाले. “तुमचं काम दारापर्यंत होतं. राउंडला मी जायचो. निम्मे जायचे. कधीकधी निम्म्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात मेलेलं कुठलं आणि जिवंत कुठलं, हे बोटांना कळत नाही. मेलेलं काढायला म्हणून हात घालायचो आणि जिवंतही ओरबाडून आणायचो. मग रक्तस्राव, आतड्याला भोकं. आधीच मोडलेल्या माणसावर आपण आणखी एक घाव घालत होतो.”

“मग का घालत होतो?”

“आत बघायला आजच्यासारखी यंत्रं नव्हती. माणूस बुडताना दिसतोय आणि तुमच्या हातात सुरी आहे. हात बांधून बसलेला सर्जन नातेवाइकांना बघवत नाही. त्याचं त्यालाही बघवत नाही.” सरांनी कप खाली ठेवला. “मला उमगायला लागलं तसा मी थांबायला लागलो. शेवटी शेवटी थिएटरला या केसेस यायच्याच बंद झाल्या होत्या, आठवतंय?”

सिस्टरला आठवत होतं. ती हळू आवाजात म्हणाली, “मला वाटलं, हा आजारच कमी झाला.”

निघताना तिने विचारलं, की सर, आम्हाला तेव्हाच का सांगितलं नाहीत. सर म्हणाले, “काय म्हणून सांगणार होतो?”

जिना उतरताना कठड्याला धरून ती मधल्या वळणावर बसली. कोणीतरी वर जाताना बरं आहे ना म्हणून विचारलं, तेव्हा तिने मान डोलावली. त्या कॉलेजच्या मुलीचा चेहरा तिला आता स्वच्छ दिसत होता. भूल चढायच्या आधी मुलीने विचारलं होतं, की सिस्टर, मी उठेन ना. तिने केसांवर टोपी सारखी करत म्हटलं होतं, हो, उठशील. ती उठली होती की नाही?

इस्पितळात परतून तिने अॅम्ब्युलन्स नको म्हणून कळवलं. भावजयीला सांगायला गेली, तेव्हा ती कधी नव्हे ती भडकली.

“सकाळी तुम्हीच म्हणालात, इथे राहिले तर मरतील. आता म्हणता, नेलं तर मरतील. मी कोणाचं ऐकू?”

“माझं नको ऐकू,” सिस्टर म्हणाली. “मॅडमचं ऐक. मला वाटत होतं, मला यातलं कळतं.”

भावजय तिच्याकडे बघतच राहिली. नणंदेच्या तोंडून असं वाक्य तिने लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. तिने सरकून बाकावर जागा केली.

मग सुरू झालं ते थांबणं. कापाकापी बघण्यात हयात गेलेल्या बाईला थांबण्याएवढी अवघड गोष्ट दुसरी नसेल. टिल्लूची मूत्रपिंडं हळूहळू वळणावर आली, श्वासाचं यंत्र सुटलं. तो कुजबुजत बोलू लागला, आणि पहिली गोष्ट बोलला ती अशी, की ही खाट वर खाली करायची मोटर कुरकुरते, तेल घाला. शेजारच्या खाटेवर याच आजाराच्या एक चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. त्यांचे यजमान आणि भावजय एकाच थर्मासमधला चहा प्यायचे, एकमेकांना आजचे रिपोर्ट सांगायचे.

तिसरा आठवडा सरता सरता टिल्लूला हुडहुडी भरली. ताप चढला तो उतरेना. स्कॅनमध्ये मेलेल्या भागात हवेचे बुडबुडे दिसले, म्हणजे जंतू शिरले. सिस्टरचा उजवा हात तिच्याही नकळत पुढे झाला, जणू कोणी तरी आता हत्यार मागणार. मॅडमनी मात्र सुरी काढली नाही. आधी अँटिबायोटिक दिलं, मग डाव्या कुशीतून, पोटाच्या मागच्या बाजूने, यंत्रात बघत बघत करंगळीहूनही बारीक नळी आत सरकवली. पिशवीत गढूळ, तपकिरी पू उतरला. दोन दिवसांत ताप खाली आला. या तऱ्हेने गेलं तर तिघांतल्या एखाद्याला पुढे काहीच करावं लागत नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या. सुंठीवाचून खोकला गेला, असं भावजय पहिल्यांदाच हसून म्हणाली.

पण तो गेला नव्हता. आठवड्यातच नळी तुंबली, ताप परतला. नळी बदलून जाड घातली, तीही तुंबली. त्याच दिवसांत शेजारच्या शिक्षिका गेल्या. त्यांनाही असंच थांबवलं होतं, अशीच नळी होती, तेच डॉक्टर, तीच औषधं. त्यांची फुप्फुसं सावरलीच नाहीत. यजमान थर्मास परत द्यायला आले आणि तो हातात धरून उभेच राहिले. भावजयीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला तेव्हा ते भानावर आले.

सिस्टरचं धाबं दणाणलं. ती मॅडमना गाठून म्हणाली, की मग फरक तो काय राहिला. मॅडमच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्या भिंतीला टेकून म्हणाल्या, “जातात, सिस्टर. या पद्धतीनेही जातात. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. आधीच पोट उघडलं तर मागाहून जास्त भोगावं लागतं, एवढं आम्हाला आता कळलंय. आतडी फाटणं, पोटाची भिंत खचणं, रक्तातली साखर. म्हणून आधी कमीत कमी करून बघायचं.”

दुसऱ्या दिवशी टिल्लूला थिएटरमध्ये नेलं. त्या नळीच्याच वाटेने कुशीला बोटभर लांबीची चीर द्यायची, तिथून दुर्बीण सरकवायची, आणि आत जे सुटं झालंय तेवढंच चिमट्याने उचलायचं, असं ठरलं. सिस्टरला ओळखणारे जुने वॉर्डबॉय म्हणाले, आत या, कपडे देतो. ती नको म्हणाली. ती आयुष्यात पहिल्यांदा त्या दाराच्या बाहेर बसली. आतून चाकांचा आवाज, बशी ठेवल्याचा आवाज, सगळं ओळखीचं. पण या बाकावरून त्यातला एकही आवाज सोसवत नव्हता. या बाकावर इतकी वर्षं माणसं बसत आली होती आणि ती त्यांच्यासमोरून डबा घेऊन जेवायला जात होती.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा सिस्टरने काय निघालं ते दाखवा म्हटलं. स्टीलच्या बशीत भिजलेल्या, काळपट चिंध्यांसारखे तुकडे होते. मूठभरही नसतील.

“एवढंच?” तिने विचारलं.

“आपणहून सुटलं तेवढंच. चिकटलेलं ओढलं नाही. ते तिथेच राहू दे, पुन्हा येऊन बघू.”

तिने अशा बश्या काठोकाठ भरलेल्या पाहिल्या होत्या, आणि जितकी बशी भरलेली तितकं काम चांगलं झालं असं समजून ती स्वतः त्या उचलून नेत होती. त्या ढिगात जिवंत किती होतं, हे आता कोण सांगणार. तिने बशी परत दिली आणि भिंत धरली. मॅडमना वाटलं, भावाच्या काळजीने. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आणखी एकदा त्याच वाटेने आत जावं लागलं, मग मात्र ताप कायमचा उतरला. टिल्लू घरी आला तो निम्म्याने झालेला, कुशीत नळी, बरोबर पिशवी. स्वादुपिंड जेवढं उरलं तेवढं साखर सांभाळायला पुरेना, म्हणून इन्शुलिन सुरू झालं. पुढे यथावकाश नळी निघाली, आणि सगळं निवल्यावर खड्यांसकट पित्ताशयही दुर्बिणीनेच काढून टाकलं. पोटावर चार बारीक खुणा आणि कुशीला एक व्रण, बस. तो लिफ्टच्या पोकळीत आता उतरत नाही. वर उभा राहून खालच्या माणसांना सूचना देतो, त्यातल्या निम्म्या विनोद असतात.

सकाळचं इन्शुलिन मात्र ताईनेच टोचावं असा त्याचा हट्ट. एकदा सुई काढताना सिस्टरने त्याला सगळं सांगितलं. फुलंवाल्या ड्रायव्हरचं, सरांचं, भरलेल्या बश्यांचं, कॉलेजच्या मुलीचं. मुलीचं काय झालं म्हणून तिने इस्पितळात विचारून पाहिलं होतं, पण एवढं जुनं आता कोणाला ठाऊक असणार. टिल्लू ऐकत राहिला. भावजयही ओट्याशी थांबली.

“ताई, मला हे तेव्हा झालं असतं,” टिल्लूने विचारलं, “आणि मी त्या टेबलावर असतो, तर तू चिमटा दिला असतास?”

सिस्टर जराही थांबली नाही. “दिला असता. त्यांनी मागायच्या आधी.”

टिल्लूने शर्ट खाली ओढला. “बरं झालं, मग. आयुष्यात पहिल्यांदाच उशिरा पोचलो ते कामी आलं.”

त्याची बायको त्याच्यावर ओरडली. सिस्टर हसली नाही, रागावलीही नाही. तिने सुईवर टोपण बसवलं, त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि तो सगळं जेवेपर्यंत समोर बसून राहिली.